टिनावरचा चुना

घाटंजीला कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या उन्हाळी वर्गात उष्णतेबरोबर हवामान बदल शिकवायला घेतला की मागची बाकं पेंगायला लागतात. ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, त्याचं एप्रिलमध्ये होरपळणाऱ्या पोरांना काय सोयरसुतक?

एकदा मात्र पांढरा रंग ऊन परत पाठवतो, हे ऐकून एका मुलीने हात वर केला. तिची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घर टिनाच्या पत्र्यांचं. बहिणीची सासू म्हणत होती, या भट्टीत सुनेला ठेवणार नाही, परत नेते. लेकीचं पहिलं बाळंतपण हातचं जाणार म्हणून आई रडकुंडीला आलेली. "मॅडम, टिनावर चुना मारला तं खोली थंड होईन काय?" मला आनंदच झाला. मी म्हटलं, करून बघू.

घरच्यांनी चुना मारला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी तोंड पाडून आली. काही फरक नाही. माझं भौतिकशास्त्र नापास झालं की काय, म्हणून मीच बघायला गेले. तर पांढऱ्याशुभ्र टिनावर आईने दर उन्हाळ्यासारख्या सावलीसाठी पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, गच्च पसरलेली. ऊन चुन्यापर्यंत पोचतच नव्हतं. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना.

पऱ्हाट्या उतरवायला आई काही केल्या तयार होईना. शेवटी एकाच खोलीवरच्या काढायच्या ठरल्या आणि वर्गातली पोरं दोन्ही खोल्यांत थर्मामीटर घेऊन बसली. दुपारी उघड्या चुन्याची खोली जराशीच थंड निघाली. खरी गंमत संध्याकाळी झाली. ती खोली भराभर निवली, पऱ्हाट्यांखालची तापलेलीच राहिली. आत शिरलेली उष्णता बाहेर पडू न देणारं पांघरूण कसं असतं, पृथ्वीभोवती कार्बन डायऑक्साइड काय करतो, हे मग मी तिथे अंगणातच शिकवलं. कोणी पेंगलं नाही.

सासू आली ती मुद्दाम भर दुपारी. पऱ्हाट्या काढलेल्या खोलीत जेवली, चटईवर आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. उठल्यावर चहा पिता पिता म्हणाली, "राहू द्या तिले इथंच."

बहिणीला मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा माझी विद्यार्थिनी भाचीला मांडीवर घेऊन वारा घालत होती. तिने वर टिनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, हे पोरगी बारावीत जाईन तवा चुना पुरन काय?"

वाढत्या उन्हापुढे तो पुरणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी तिच्या हातातला पंखा घेतला आणि त्या बाळाला वारा घालायला लागले.