चिमणीची हाक

ठाकुर्लीला माहेरच्या सोसायटीत गरोदर बायकांसाठी एक वर्ग चालायचा. दुसऱ्या वेळी सातवा लागला तशी आईने मला कोपरीहून आपल्याकडे आणलं आणि त्या वर्गात बसवलं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. डाव्या कुशीवर निजवून त्या हळू आवाजात सांगायच्या, "पायाची बोटं सैल सोडा. आता पोटऱ्या. श्वास सोडताना खांदे जड होऊ द्या." तिथवर मला जमायचं. मग त्या म्हणायच्या, "आता पोटावर हात ठेवा आणि बाळाशी बोला."

तिथे माझं अडायचं. बाजूच्या बायका पुटपुटायला लागायच्या. मी ओठ मिटून पडून राहायचे. कारण डोळे मिटले की जी समोर यायची, ती आधीची.

पहिली मुलगी सातव्या महिन्यातच पोटात गेली होती. सोनोग्राफी करता करता डॉक्टर मध्येच बोलायच्या थांबल्या, तेव्हाच मला कळलं. आम्ही दोघं तिला चिमणी म्हणायचो. ती गेल्यावर तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. नवऱ्याने भिंतीवरचं बाळाचं चित्र उतरवलं आणि तो कामाला लागला. त्याला विसरता आलं, असं मी धरून चाललेले.

एका शनिवारी बाईंनी नवऱ्यांनाही बोलावलं. हा भिवंडीच्या गोदामातून थेट आलेला, शर्ट घामाने चिकटलेला. सांगितलं तसा त्याने माझ्या पोटावर हात ठेवला आणि अगदी सहज म्हणाला, "चिमणे, झोपलीस का गं?"

त्याच क्षणी बाळाने ढुशी दिली, बरोबर त्याच्या तळव्याखाली. हाकेला ओ द्यावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. आम्ही उठून बाहेर जिन्यात आलो.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"सवय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी. रोज. बाईकवर, खाडीच्या पुलावर."

"काय बोलतोस?"

"काही नाही गं. ट्रॅफिक आहे, डबा विसरलो, असंच. गप्प बसलो की मागे कुणीतरी बसलंय असं वाटतं. बोललो की बरं वाटतं."

मग तो रडला. दवाखान्यातही रडला नव्हता.

बाई आमच्या मागोमाग आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. विसरा, असं त्या म्हणाल्या नाहीत. "जी आधी येते तिच्याशी आधी बोला," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आईकडे पलंगावर पडून मी अंग सैल सोडलं आणि चिमणीशी बोलले. उरलेलं सगळं. नंतर आतल्या बाळाला म्हटलं, "तुझ्याआधी इथे तुझी ताई होती. घाबरू नकोस." घाबरलेली मीच होते. बाळ सावकाश कुशीवर वळलं.

मुलगा झाला. आधी रडेचना, तेवढ्या वेळात मी दगड झाले. मग रडला. आता तो धरून धरून चालतो. दमला की माझ्या छातीवर येऊन पडतो आणि मी संथ श्वास घेऊ लागले की झोपतो.

पण अजूनही कधी निवांत पडले की पोटात ढुशी बसते. स्पष्ट. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच जणींना होतं असं. मी मान डोलावली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने माझ्या पोटावर हात ठेवला, आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.