चार पाण्यांनी धुतलेले तांदूळ

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दोन हजार एकवीसच्या जुलै महिन्यात, ज्या देशात लोक आकाशाकडे न बघताच रेनकोट चढवतात त्या आयर्लंडमध्ये, पाच माणसांचं दहा लिटर पिण्याचं पाणी मी एकटीने, कुणाचीही मदत न घेता, दहा मिनिटांत नाहीसं केलं. हे कृत्य मी पूर्ण शुद्धीत आणि अत्यंत चांगल्या हेतूने केलं. पुढील कबुलीजबाब स्वखुशीचा आहे.

त्या वर्षी कित्येक महिने घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. सँडीफोर्डच्या आमच्या फ्लॅटभोवतीचे पाच किलोमीटर मी इतके तुडवले की तिथल्या कुत्र्यांच्या खोड्या मला त्यांच्या मालकांपेक्षा जास्त ठाऊक झाल्या. बंदी उठली आणि ब्लँचर्डस्टाउनच्या मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली : दगडी वाळवंटात दोन रात्रींचं कॅम्पिंग, सोबत गाईड. पुरती वाचायच्या आत मी 'हो' लिहून मोकळी. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "वाळवंट बघायला आयर्लंडात? राजस्थान काय वाईट होतं का गं?"

तर हे वाळवंट म्हणजे क्लेअर परगण्यातलं बरन. मी, माझा नवरा, मैत्रीण, तिचा नवरा, आणि आमची गाईड. साठी ओलांडलेली बाई, खारकेसारखी काटक, बोलणं मोजकं. आम्हाला स्टेशनवरून घेऊन जाताना, गाडीचा गिअर बदलता बदलता तिने सांगितलं की दीड वर्षांतली ही तिची पहिली टूर. जूनमधल्या दोन्ही टूर लोकांनी ऐनवेळी रद्द केल्या होत्या. "ही नीट पार पडली तर पुढच्या घेईन. नाहीतर तंबू विकून टाकणार," ती म्हणाली. दूध संपलंय हे सांगावं, इतक्या साध्या सुरात. माणसाने आयुष्यभराचं काम असं गिअर बदलताना सोडू नये.

आणि काय काम होतं ते! डोंगरच्या डोंगर राखाडी दगडाचे. माती नाही, झाड नाही, कुणीतरी अख्ख्या मुलखाला फरशी घालायला घेतली आणि मध्येच जेवायला निघून गेलं, असा देखावा. पहिला अर्धा तास मला वाटलं, इथे बघायचं काय? मग ती एका फटीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत बघा." वीतभर रुंदीची फट, आत गुडघाभर खोल हिरवंगार फर्न, जांभळी फुलं, एक चिमुकलं ऑर्किड. त्यानंतर आम्ही चौघं दर चार पावलांवर ओणवे. दुरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, यांचं काहीतरी मौल्यवान हरवलंय.

तिने सांगितलं, इथे गुरं उन्हाळ्यात खाली असतात आणि हिवाळ्यात डोंगरावर चढवतात, कारण दगड उन्हाची ऊब धरून ठेवतो. पाऊस भरपूर पडतो, पण थेंबही वर थांबत नाही. सगळा फटींतून खाली. वर तहान आणि पोटात नद्या. हे तिने मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. हे कबुलीजबाबात नोंदवणं भाग आहे.

त्या आठवड्यात आयर्लंडने ऊन म्हणून जे काही काढलं होतं, त्याने आमच्या बाटल्या दुपारीच संपवल्या. चारच्या सुमारास एका सपाट जागी तंबू ठोकले. पाण्याचा कॅन आळीपाळीने उचलून आणला होता. गाडी पाच तास मागे, डोंगराच्या पलीकडे. गाईड म्हणाली, जवळच एक झरा आहे, उद्यासाठी तो बघून येते. मी पदर खोचल्याच्या आविर्भावात ट्रॅकपँट वर ओढली आणि जाहीर केलं, "आज खिचडी! सगळ्यांनी बाजूला व्हा."

आता मला सांगा, तांदूळ कसे धुतात? माझ्या हाताला एकच रीत माहीत आहे : पाणी नितळ निघेपर्यंत. चार पाणी तांदळाला. तीन मुगाच्या डाळीला. बटाटे, टोमॅटो. पातेलं आतून एकदा, आणि गवत लागलं म्हणून बाहेरून एकदा. मग हात. धुवणाचं पाणी मी फटीत ओतत होते आणि ते 'गट्' असा आवाज करून गायब होत होतं. ओलावासुद्धा राहत नव्हता. "काय निचरा आहे बघ!" मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलं. "आपल्या सिंकला असा असता तर!"

"तुझं चालू दे," नवरा म्हणाला. तो तंबूच्या एका दांडीशी भांडत होता.

गाईड परत आली. टोपी काढून घाम पुसत म्हणाली, "झरा आटलाय. बारा वर्षांत पहिल्यांदा. बरं झालं, कॅन आहे आपल्याकडे."

कॅन आडवा पडला होता. शेजारी पातेल्यात, मोत्यासारखे स्वच्छ, शिजवायला थेंबभर पाणी नसलेले तांदूळ.

मैत्रिणीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सगळं?"

"थोडं तू पण प्यायलीस ना!"

"एक घोट, बाई! एक!"

"वहिनी," मैत्रिणीचा नवरा पातेल्यात डोकावत म्हणाला, "पण तांदूळ ग्रँड धुतलेत हं."

गाईड ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती एका दगडावर बसली आणि बराच वेळ खालच्या खोऱ्याकडे बघत राहिली. तिथे एक पांढरं घर आणि त्याच्याभोवती दगडी कुंपणं दिसत होती. तासाभराची उतरण. मी म्हटलं, तिथे मिळेल की पाणी. ती म्हणाली, "मिळेल." पण उठेना. मग म्हणाली, नाहीतर सगळं गुंडाळून आत्ताच मागे फिरू, अंधार पडायच्या आत गाडीपाशी पोचू. म्हणजे टूर संपली. म्हणजे तंबू विकले. आणि या सगळ्याला कारण माझे तांदूळ.

"मी जाते," मी कॅन उचलून म्हटलं. "मी केलंय, मी मागते."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बूट घट्ट बांधले.

उतरताना तिने सांगितलं. त्या घरातला शेतकरी आणि ती एकाच शाळेत, एकाच बाकावर. चार वर्षांपूर्वी तिच्या टूरमधल्या लोकांनी त्याचं कुंपण चढताना दगड पाडले आणि तसेच टाकून आले. रात्री त्याची एक कालवड त्या खिंडारातून बाहेर गेली आणि तिचा पाय फटीत अडकून मोडला. तो दारात येऊन ओरडला. ती म्हणाली, माझ्या माणसांनी नाही केलं. केलं होतं, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण तोवर शब्द गेला होता. तेव्हापासून बोलणं बंद. दोन मीटरचं अंतर त्या दोघांनी सरकारच्या कितीतरी आधीपासून पाळलं होतं.

"तिथे तू एक शब्द बोलायचा नाहीस," ती मला म्हणाली. मला! मी लग्नात अंतरपाटाआडूनसुद्धा गप्पा मारल्या होत्या.

तो कुंपणापाशीच होता, ढासळलेले दगड रचत. तिच्याच वयाचा, हात फावड्याएवढे. आम्ही कुंपणाच्या अलीकडे थांबलो. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कॅनकडे. मग दगडाकडे वळला.

"तापलंय," तो म्हणाला.

"तापलंय खरं," ती म्हणाली.

एक दगड बसला.

"गवत कापलंस?"

"कापलं. कोरडं आहे."

"असणारच."

मग त्याचा कुत्रा, तो म्हातारा झालाय हे. मग खालच्या गावातलं दुकान, ते पुन्हा उघडलं हे. मी कॅन पुढे धरला, मागे धरला, एकदा चक्क डोक्यावर ठेवला. आमच्याकडे उन्हातून आलेल्याच्या हातात आधी पाणी आणि गुळाचा खडा देतात, नाव-गाव मागाहून विचारतात. इथे वीस मिनिटं झाली तरी पाण्याचा 'प' नाही. माझी जीभ दातांच्या मागे उड्या मारत होती. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की काहीतरी चाललंय. तो एक वाक्य ठेवायचा, ती त्यावर एक ठेवायची, मध्ये चुना नाही, माती नाही, नुसत्या वजनाने एकमेकांवर बसलेले दगड. अशी कुंपणं शेकडो वर्षं उभी राहतात, हे दुपारी तिनेच सांगितलं होतं. मी एवढी बोलघेवडी बाई, पण इतकं नेमकं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. गप्प राहण्याचा मला पहिल्यांदाच मोह झाला.

मग दोघांकडचंही हवामान संपलं. कुत्रा आडवा झाला. तिने टोपी काढली.

"ती कालवड," ती म्हणाली. "माझ्याच माणसांनी कुंपण पाडलं होतं. मला दुसऱ्या दिवशीच कळलं. यायला हवं होतं मी."

त्याच्या हातात दगड होता. तो त्याने एका बाजूने बसवून पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला. बसेना. त्याची मान लालबुंद झालेली मला दिसत होती. ती सरळ उभी होती, पण टोपीची कड बोटांत गोल गोल फिरत होती. दगड खाली ठेवून तो वळला, माझ्या हातातला कॅन जवळजवळ हिसकावून घेतला आणि तिच्यावर खेकसला :

"एवढा एकच आणलास होय?"