सुरूच्या बनातला सूर

गेल्या वर्षी तापाने मी आडवी झाले आणि उठले तेव्हा उजवा कान गेलेला होता, डावाही अधू झाला होता. डाव्या कानाशी येऊन कुणी मोठ्याने बोललं तर शब्द कळायचे, पण सूर कळेना. पेटीचा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा वाटायचा. आता यात काही फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी समजुतीने सांगितलं. सिडकोतल्या आमच्या भजनी मंडळात इतकी वर्षं पहिला सूर मी धरायचे. तिथे जाणं मी बंद केलं. देवापुढे बसले की एकच विचार यायचा, तुला माझं गाणं नको होतं तर एवढी वर्षं गाऊन का घेतलंस? मग बसणंही सुटलं.

हिवाळ्यात माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला कोकणात बँकेत नोकरी लागली. तिला पोचवायला निघताना जावेने मलाही गाडीत घातलं. जाऊ बिडकीनची, मंडळात झांज वाजवते, आणि तिच्यापुढे कुणाचं 'नाही' चालत नाही. मुलीची खोली लावून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. किनाऱ्याला लागूनच सुरूचं दाट बन होतं. आमच्याकडे खुलताबादच्या डोंगरावर अशी झाडं नाहीत. सरळसोट खोड, पानांच्या जागी हिरव्या सुयांच्या झिपऱ्या. खाली वाळलेल्या सुयांचा इतका जाड थर की पाऊल गादीवर पडल्यासारखं वाटे. खोडांमधून एका बाजूला समुद्र चमकत होता आणि मागे वळलं की सह्याद्रीची निळी रांग. मी आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर आणि समुद्र एका नजरेत पाहत होते.

पण मला नवल वाटलं ते माणसांचं. बनात शिरणारा प्रत्येक जण दोन पावलं टाकून थबकत होता आणि मान वर करत होता. जाऊही थांबली. काय झालं, असं मी विचारल्यावर ती माझ्या डाव्या कानाशी आली.

"अक्का, झाडं आवाज करायलीत. लाटा डोक्यावरून चालल्यात असं वाटायलंय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. कसला आवाज असेल? वाऱ्याचा, की लाकडाचा? जावेला पाण्याकडे जाऊ दिलं आणि मी एकटीच आत गेले.

तिथे एक म्हातारी बाई खोडाला कपाळ टेकवून बसली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. मी पाहतच राहिले. डोळे उघडल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कानाला हात लावून मान हलवली. तिने शेजारची जागा थोपटली आणि माझं डोकं हळूच खोडाशी नेलं.

आधी नुसती थंड, खरखरीत साल लागली. मग वारा आला आणि कपाळाच्या हाडात काहीतरी थरथरलं. बारीक, सलग, खालच्या पट्टीतलं. तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावावा तसं. वारा पडला की ते विरे, पुन्हा भरून येई. किती वेळ गेला कळलं नाही. कधीतरी माझ्या तोंडून त्याच थरथरीला धरून 'रामकृष्ण हरी' निघालं. स्वतःचा आवाज मला नीट कळत नव्हता. त्या बाईने एक तळवा माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझ्या गुडघ्यावर ठेका धरला. ठेका एकदाही चुकला नाही.

थांबले तेव्हा जाऊ मागे उभी होती. कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "सूर जागेवर होता, अक्का. शेवटपर्यंत."

एवढ्यात त्या बाईला न्यायला तिचा मुलगा आला. तो जावेशी बोलला आणि ते तिने मला सांगितलं. ती बाई जन्मापासून बहिरी. वारा सुटला की मुलाच्या मागे लागून या बनात येते. तिने माझं गाणं ऐकलंच नव्हतं. माझ्या पाठीवरच्या तळव्याला जे लागलं, त्यावर ती ठेका धरत होती. मी तिला वाकून नमस्कार केला. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मुलाच्या मागे स्कूटरवर बसून निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

याला काय म्हणावं मला ठाऊक नाही. वारा असला की झाड थरथरणारच. तरी ज्या सकाळी मी तिथे गेले, त्याच सकाळी ती तिथे असावी, याबद्दल हात जोडण्यापलीकडे मला काही सुचत नाही. इतके महिने मी देवाकडे कान परत मागत होते. त्याने माझ्यापर्यंत कानातूनच यायचं, हेसुद्धा मीच ठरवून बसले होते.

कान तसाच आहे. मी पुन्हा मंडळात जाते. पेटीच्या लाकडाला हात लावून बसते आणि त्या हाताला जेवढं कळेल तेवढ्यावर गाते. कधी सूर घसरतो, आणि शेजारणीच्या चेहऱ्यावरून ते मला समजतं. पूर्वी मी लाजेने थांबले असते. आता पुढची ओळ घेते.