खंडेनवमीला पुजलेला बिल्ला

मी कुरुळीत राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात लोखंडाचे एक्स-रे काढतो. इंजिनाच्या ओतीव भागांत आतून तडा आहे का, ते बघायचं. गावाकडच्यांना वाटतं, मी डॉक्टर झालोय. मीही तो गैरसमज फारसा दूर करत नाही.

छातीवर एक बिल्ला लावावा लागतो. अंगाला किती किरणं लागली, ते त्याच्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आमच्यातले निम्मे समजतात, बिल्ला लावला की किरणं लागतच नाहीत. ताईतच जणू!

तर खंडेनवमीला आम्ही मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. सुतार करवत पुजतो, मग मी काय पुजू? काढला बिल्ला, ठेवला मशीनपुढे, वर एक फूल. पेढा खाल्ला आणि घरी गेलो. दसरा झाल्यावर मशीन सुरू. मी किरणं अडवणाऱ्या भिंतीबाहेरून बटणं दाबतोय आणि बिल्ला आत फूल डोक्यावर घेऊन किरणं खातोय! दुपारी छातीवर हात गेला तेव्हा आठवलं. गुपचूप कुंकू पुसलं आणि लावला. सांगितलं असतं तर वर्षभर हसले असते सगळे.

बिल्ल्याचा अहवाल आला आणि माझी बोबडीच वळली. मर्यादेच्या कितीतरी पट डोस! सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे मी पूजेचं सगळं ओकलो. ते म्हणाले, "असलं काहीतरी सगळेच सांगतात, भाऊ. आता रक्तच काय ते सांगेल." मला मशीनपासून लांब बसवलं आणि चिंचवडला डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

बाईंनी नीट समजावलं. "पेशीत बारीक धागे असतात. शरीर कसं चालवायचं, ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. किरणांनी ते तुटतात. शरीर जोडतं, पण कधीकधी भलतीच टोकं जोडतं. अशा चुका साठत गेल्या, की एखादी पेशी थांबायचंच विसरते आणि वाढत सुटते. तोच कॅन्सर. तुमचे धागे तुटलेत का, ते रक्तात बघू."

दुसऱ्यांचे तडे शोधणारा मी, माझ्याच तड्यांना घाबरलो. खरंच घाबरलो. बायको बीडची, तोंडाची फटकळ. म्हणाली, "देवापुढं फूल ठेवायचं सोडून सोताला कशाला ठिवलं?" आणि भाकरी थापता थापता रडायला लागली. रक्ताचा अहवाल येईपर्यंत आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

अखेर अहवाल आला. "धागे शाबूत आहेत. डोस तुमच्या बिल्ल्यालाच लागला होता," बाई म्हणाल्या. मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात त्यांनी नाक आक्रसलं. "तुमच्या हाताला हा वास कसला?"

"थिनरचा. तडा सापडला की रंगानं खूण करतो, तो साबणानं निघत नाही ना. अकरा वर्षं थिनरनंच हात धुतो."

"अहो, काही थिनरमध्ये बेंझिन असतं. तेही हेच धागे बिघडवतं."

"मग त्याचा बिल्ला कुठं मिळतो?"

"असतो ना तोही. तुम्हाला कुणी दिलाय का?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे वाटले. "काय राव, बिल्ल्याला नैवेद्य दाखवला का?" म्हणून सगळ्यांनी माझी यथेच्छ खिल्ली उडवली, मीही हसलो. जेवायची सुट्टी झाली तसे सगळे हात धुवायला थिनरच्या डब्याभोवती जमले. सवयीनं माझाही हात पुढे गेला. डब्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून तसंच होतं. ते मीच लावलं होतं.