क्लीनर बाजूचा मागचा पाय

शाळा माझी चौथीत सुटली, पण जॅक मला कुणी शिकवावा एवढा मी कच्चा नाय. उभा जन्म ट्रकखाली गेला. म्हणून पोरानं पिकअपवर ठेवायची पत्र्याची खोली बनवून घेतली, तेव्हा तिच्या चार पायांची जबाबदारी मी भांडून माझ्याकडं घेतली. आमच्या म्हातारीचे गुडघे गेलेत, बसची पायरी चढवत नाय, अन् समुद्र तिनं आयुष्यात पाहिलेला नाय. पोराचं म्हणणं, आईला घरासकट कोकणात नेऊ. खोलीत निजायला बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं केलं होतं.

पिकअप रोज पोराला कामाला लागायची. मग खोली पुंडलिकनगरात आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवायची. चार कोपऱ्यांना चार पाय, प्रत्येक पायात तेलाचा जॅक. हँडल मारलं की जॅकचा चकाकता दांडा बाहेर येऊन खोली उचलायची अन् पिकअप खालून निघून जायची. मग जॅकचा व्हॉल्व हळूहळू ढिला करून खोली खाली आणायची अन् लाकडी ठोकळ्यांवर बसवायची. तेलावर उंच उभी ठेवायची नाय. उंच असताना आत कुणी जायचं नाय अन् खाली डोकं घालायचं नाय. हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की म्हातारी म्हणायची, "आता भिंतीवर लिहा."

कोकणात निघायच्या आदल्या सकाळी पोरानं पिकअप खालून काढली अन् गल्लीच्या तोंडाला नेऊन लावली. खोली अजून उंच होती. मी ठोकळे आणायला भिंतीकडं गेलो. वळून बघतो तर खोलीच्या शिडीपाशी म्हातारीच्या चपला. देवळात गेल्यासारख्या नीट काढून ठेवलेल्या.

"अगं ए, आत कशाला गेलीस?"

"डबे लावते. उद्या निघायचं ना?"

"आधी खाली उतर."

"एवढे गुडघे मोडून चढले, लगेच उतरू व्हय? तुमचं आपलं रोजचंच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात लोखंड करकरलं. बारीक आवाज, पण माझ्या पाठीतून गेला. खोलीची कड शेजारच्या कुंपणाशी जुळेना. क्लीनर बाजूचा, म्हणजे डावा, मागचा पाय बसत होता. दांड्यावरनं तेल ओघळत होतं.

धावत जाऊन मी पंप मारायला लागलो. कोपरा बोटभर वर यायचा अन् हात थांबला की परत खाली. दर दणक्याला आत डबे वाजायचे.

"अवो, डबे का घसरायलेत?" तिचा आवाज जवळ यायला लागला. दार मागं होतं, त्याच बसत्या कोपऱ्याला. तिचं वजन इकडं आलं की संपलं.

"दाराकडं येऊ नको! पुढं जा, ड्रायव्हर बाजूला!"

"ओरडता कशाला?"

तोवर पोरगा पळत आला होता. "आई, पुढच्या कोपऱ्यात खाली बस. हलू नको," तो म्हणाला. त्याचं तिनं लगेच ऐकलं. माझं आयुष्यात कधी ऐकलं नाय.

मी घरातला बाटली जॅक, बाटलीएवढा उभा छोटा जॅक, उचलला अन् बसत्या कोपऱ्याखाली सारायला गुडघ्यावर आलो. खांदा कडेखाली गेला असेल-नसेल, तेवढ्यात पोरानं मागून कॉलर धरली अन् ओढलं. बापाची कॉलर!

"सोड!"

"खाली शिरायचं नाय हे कोण सांगतं, बाबा?"

"तुझी माय आहे आत."

"म्हणूनच म्हणतो. वर नेऊ नका. ते बघा."

पुढचा ड्रायव्हर बाजूचा पाय त्याच्याखाली घातलेल्या फळीवरनं उचलला गेला होता. खालून उजेड दिसत होता. मी मारलेला प्रत्येक दणका खोली डोलवत होता.

"हा पाय खालीच चाललाय," पोरगा म्हणाला. "बाकीचे तीन त्याच्या मागोमाग खाली घेऊ."

बरोबर होतं. त्याच्या तोंडून ऐकावं लागलं, त्याचा राग आला, पण राग काढायला फुरसत नव्हती.

तो मागच्या उजव्या पायाला गेला, मी पुढं. त्यानं व्हॉल्व केसभर फिरवला. मागची कड सरळ झाली. मग मी पुढचे पाय सोडले, एकदा हा, एकदा तो. मी त्याला सांगत होतो, "सोड... बस. आता मी. बस." जास्त फिरला तर खोली धाडकन येणार, कमी फिरला तर बसता कोपरा आमच्या पुढं जाणार. हाताला घाम, व्हॉल्वचा स्क्रू निसटायचा.

मध्येच थांबून मी ठोकळे बांबूनं लांबूनच खाली ढकलले. हात घातला नाय. खोली हळूहळू आली, लाकूड कण्हलं अन् ती ठोकळ्यांवर टेकली. मी शिडी परत नीट लावून तिचा हात धरला. गार पडला होता.

"शेंगदाण्याचा डबा सांडला," ती म्हणाली अन् शिडीच्या पायरीवरच बसली.

कोकण राहिलं. मी तो जॅक खोलला. तेल अडवणाऱ्या आतल्या रबरी सीलमध्ये कुंकवाचा लाल चिखल अन् तांदळाचा चुरा. दसऱ्याला अवजारं पुजताना तिनं चकाकत्या दांड्यांना हळदकुंकू लावलं होतं, अन् दाराजवळच्या ह्या पायाला तर वरून अक्षताही चिकटवल्या होत्या. दांडा आत गेला तसं ते सगळं सील कापत गेलं. मी तिला दाखवलं. तिनं तो चुरा बोटावर घेऊन बघितला.

"देवाचं लावलं तरी असं?"

"दांड्याला तेलाचा हात सोडून काही लागू द्यायचं नाय. पूजा हँडलची कर."

शहागंजच्या बाजारातून नवी सीलं आणली. चारही जॅक धुतले, जॅकचंच तेल भरलं. ब्रेक ऑइल टाकणारे लई आहेत, त्यानं रबर फुगतं. खोली उचलली अन् चारही कोपऱ्यांखाली लोखंडी घोड्या, म्हणजे तेलाशिवायचे पक्के टेकू, लावल्या.

"आता बघ," मी म्हणालो. "हत्ती बसव."

"हत्ती कशाला? तुम्ही बसा."

"उंच असताना आत कुणी बसायचं नाय."

"घोड्या लावल्यात ना? का भरोसा नाय?"

पोरगा तोंड फिरवून हसत होता. मी चढलो. बाकावर बसलो अन् कान लावला. पत्रा उन्हानं तडतडला तरी मी बाकाची कड घट्ट धरायचो. खालून म्हातारीची पावलं ऐकू येत होती. एका पायापाशी थांबायची, वाकायची, हुं करायची, पुढं जायची.

"उतरू का?" मी विचारलं.

"बसा गुमान. अजून मागचा बघायचाय."