नवं होईपर्यंत थांबलेलं गाणं

आमच्या घरात पावरी चुलीच्या वर, आढ्याला टांगलेली असते. धुरामुळे तिला कीड लागत नाही. सुकवलेल्या दुधीत बांबूच्या नळ्या बसवलेलं हे फुंकवाद्य आमच्या गावात फक्त बाबा वाजवतात. श्वास घेतानाही सूर तुटू द्यायचा नाही, गालातला वारा संपू द्यायचा नाही, ही त्यातली खरी मेहनत. भात पेरलं की पावरी वर जाते. नवं झालं, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवला, की मगच खाली येते. असं का, ते मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "पावरी ऐकली की कणसरी शेत सोडून नाचायला येईल. मग दाणा कोण भरेल?"

नवापूरच्या डोंगरातून मी नंदुरबारला शिकायला आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सुट्टीत घरी गेले की माझी गुणपत्रिका बाबा उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "चांगलीच असेल." ते कौतुकानेच म्हणतात. पण मी तिथे काय करते हे त्यांना कसं सांगावं, ते मला कधी नीट जमलं नाही.

कॉलेजात आमचा एक बँड झाला. गिटार वाजवणारा जवळच्या कोरीट गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. ड्रम वाजवणारा शहरातला; त्याच्या अब्बांचा लग्नातला बँड आहे, त्यामुळे ताल त्याला घरातूनच मिळालेला. मी गाते. आम्ही आपापल्या घरची गाणी घेतली, त्यांना गिटार आणि ड्रमची जोड दिली आणि एक अल्बम करायचं ठरवलं. त्यातलं तिसरं गाणं माझ्या घरचं होतं. त्यात पावरी हवी होती.

होळीच्या आधी बाबा नंदुरबारला आले. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना गाद्या लावलेली एक छोटी जागा. ड्रमवाल्याने त्यांच्यासाठी समोसे आणले होते आणि "चाचा, अजून एक," करत त्यांना बरेच खाऊ घातले. मग बाबांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"हे कशाला?" बाबांनी विचारलं.

"काका, तुमना आवाज तुमले ऐकू येवाले पाह्यजे ना," गिटारवाला म्हणाला.

"मग इतके दिवस मी काय दुसऱ्याचा ऐकत होतो?"

सगळे हसले. बाबांनी वाजवलं. काचेपलीकडे उभी राहून मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या कॉलेजातली एक तरी गोष्ट अशी होती, जी बाबांना समजावून सांगावी लागणार नव्हती. ती त्यांना नुसती ऐकायची होती. अल्बम झाला की त्यांच्यासमोर बसून तो लावायचा, असं मी तेव्हाच मनात ठरवलं.

पण पुढे लग्नसराई आली. रेकॉर्डिंगवाला लग्नांच्या कामात अडकला आणि आमचं काम मागे पडत गेलं. अल्बम इंटरनेटवर आला तेव्हा भादवा होता. पुण्याच्या कोणीतरी लिहिलं की तिसरं गाणं ऐकताना अंगावर काटा आला. "हे कोणतं वाद्य?" असं तर कितीतरी जणांनी विचारलं. ड्रमवाल्याला राहवेना. तो म्हणाला, "चल, चाचांना ऐकवू." आम्ही तिघं मोटारसायकलवरून गावी गेलो.

नियम मला माहीत होता. पण तो आढ्यावरच्या पावरीला आहे, फोनमधल्या गाण्याला कुठला नियम, असं मी धरून चालले होते.

अंगणात खाटेवर छोटा स्पीकर ठेवला आणि तिसरंच गाणं आधी लावलं. पावरीचा पहिला सूर निघाला तसे बाबा गोठ्यातून धावत आले.

"बंद कर."

ड्रमवाला गोंधळला. "चाचा, ही रेकॉर्डिंग आहे. पावरी तर वर टांगलेली आहे!"

"फुंक कोणाची आहे?"

"तुमचीच."

"मग? भात पोटरीत आहे, पोरा. दाणा अजून भरायचाय." ते रागावले नव्हते. पाहुण्याला पायरी सांभाळ म्हणावं, तसं ते म्हणाले. मग त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या.

निघताना शेजारची काकू मला म्हणाली, "काय गं, बापानं पावरी फोनात लपवली होती का?" तिने थट्टाच केली होती, पण मला ती लागली. यंदा दाणा पोचट निघाला तर ही थट्टा बाबांच्या वाट्याला दोष म्हणून कशी येईल, ते मला दिसत होतं. आणि पोरांच्या फोनवर गाणं गावात आलंच होतं.

परतताना विसरवाडीला चहाला थांबलो. मी चाचरत म्हटलं, "नवं होईपर्यंत ते गाणं लपवून ठेवूया का?"

"येडी व्हयनी का तू?" गिटारवाला उसळला. "तेच गानं चाली ऱ्हायनं, नि तेच काढी टाकानं?"

ड्रमवाला चहा फुंकत होता. तो म्हणाला, "मोहरममध्ये आमच्या अब्बांचा बँड पेटीत असतो. सुपारी आली तरी नाही म्हणतात. लपव यार, कुठं पळून जातंय?"

गिटारवाल्याने चहा संपवला. मग त्याने स्वतःच फोन काढला आणि गाणं लपवलं. "पन पुढला टाइमले मन्हं गानं पह्यलं," एवढं बजावलं.

तिसरं गाणं कुठे गेलं, अशी विचारणा सुरू झाली. मी लिहिलं, "आमच्याकडे भात पिकलं की येईल." काहींना ती जाहिरातीची युक्ती वाटली. काही जण ऐकायचेच थांबले. एकीने मात्र लिहिलं, "आमच्याकडे यंदा पाऊस कमी आहे. तुमचं भात चांगलं होवो."

भात बरं झालं. फार नाही, पण दाणा भरलेला होता. नव्याच्या दिवशी मी घरी होते. कणसरीला घास दाखवून झाल्यावर बाबांनी पावरी खाली काढली, फडक्याने पुसली आणि थोडी वाजवून पाहिली. मग तिला मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "लाव आता तुझं ते."

मी लावलं. बाबा समोरच्या कुडाकडे बघत ऐकत होते. गाणं संपत आलं तेव्हा त्यांनी बोट वर केलं.

"हे इथलं परत लाव."

मी परत लावलं.

"श्वास तुटलाय माझा."

मला तर तो कुठेच तुटलेला ऐकू आला नव्हता. मी फोन हातात घेतला. "मग कायमचंच काढून टाकायचं का गाणं?"

"कशाला? त्या पोरानं समोसे खाऊ घातले होते ना! भरल्या पोटी कोणी पावरी फुंकतं का?" त्यांनी पावरी पुन्हा तोंडाला लावली आणि लावता लावता म्हणाले, "पुढच्या वेळी उपाशी येईन."