दार दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कारण सोपं आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला माझा एकमेव गाजलेला फोटो खोटा आहे.

मी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होतो. माझगावात मोर्चावर अश्रुधूर सुटला आणि गिरणी कामगार समोरच्या जुन्या पोर्तुगीज चर्चकडे पळाले. हे चर्च आसपास सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजांच्या काळात इथल्या ख्रिस्ती तरुणांनी आवारात तिरंगा लावला होता. आताच्या फादरनी मात्र राजकारण फाटकाबाहेर ठेवलं होतं. मुंबई कुणाची, याबद्दल देवाने अजून काही कळवलं नसावं.

दार उघडलं पास्कूने. तो चर्चचा सेवक, माझ्या ओळखीचा. मेणबत्त्या लावायचा, घंटा वाजवायचा. चाळीसेक माणसं आत घुसली. मी बटण दाबलं, तर रोल संपलेला. तेव्हा रोलमध्ये बाराच फोटो यायचे. माझे बाराही पोलिसांच्या पाठींवर खर्च झाले होते.

रोल बदलेपर्यंत पोलीस पुढे गेले. रस्ता रिकामा. मी दार ठोठावलं.

"पास्कू, परत एकदा उघड. चौघांना पळत आत यायला सांग."

"येडा झाला काय? फादर बाहेर गेलेत, आल्यावर विचारतील."

"अरे, लोक म्हणतात ख्रिस्ती लोकांना मुंबई वेगळी हवी. फोटो बघून तोंडं बंद होतील."

त्याने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "थांब, केस नीट करतो."

चार कामगार बाहेर आले. पहिल्यांदा ते हसतच पळाले. मी म्हटलं, "मेल्यांनो, मागे पोलीस आहेत." मग झकास पळाले.

संपादकांनी फोटो पहिल्या पानावर घेतला. "काय वेळ साधलीत हो," म्हणाले. त्यांना जे दिसलं नाही, ते फादरना दिसलं. मागे एकही पोलीस नाही आणि पास्कू थेट कॅमेऱ्यात बघतोय. जीव वाचवायला दार उघडणं हा धर्म, फोटोसाठी उघडणं हे राजकारण, असं फादर म्हणाले. पास्कूची नोकरी गेली, चर्चमागची खोलीही.

पास्कू ऑफिसात आला. "तू फक्त फादरना सांग, पहिल्यांदा खरंच उघडलं होतं. आत आलेले कामगार कुठे पांगले, साक्षीला कुणाला शोधू?"

"उद्या येतो," मी म्हटलं. गेलो असतो तर फोटो बनवलेला आहे हे कबूल करावं लागलं असतं. माझीही नोकरी गेली असती. रोल संपला की संपला म्हणावं, एवढंच या धंद्यात शिकलो.

पुढे तो कॉटन ग्रीनला एका गोदामावर पहारेकरी म्हणून भेटला. त्याने स्टुलावर बसवलं, चहा मागवला.

"पास्कू, त्या वेळी मी..."

"तू आला नाहीस ते बरं झालं रे. पोरीने तो फोटो फ्रेम केलाय. खोटा ठरला असता तर तिला काय सांगितलं असतं?"

मी म्हटलं, चहा चांगला आहे.